सुप्याच्या माळावर

"काही नाही हो तिथं, नुसतं गवत." मयूरेश्वर अभयारण्य पाहून आलेल्या पुणेकरांकडून हे वाक्य बरेचदा ऐकू येतं आणि दर वेळी मला ते लागतं. कारण गवत हेच तिथं बघायचं असतं.

बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचा हा माळ १९९७ साली अभयारण्य झाला. क्षेत्रफळ ५ चौरस किलोमीटरच्या जरा वर, म्हणजे राज्यातल्या अगदी छोट्या अभयारण्यांपैकी एक. ताम्हिणी-भीमाशंकरची झाडी डोळ्यांत भरलेली असेल, तर इथं सुरुवातीला सगळं उजाडच वाटतं. सह्याद्री पाऊस घाटमाथ्यावरच उतरवून घेतो, इकडं वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पोहोचतो. तेवढ्या पाण्यावर, मुरमाड जमिनीत गवत तगतं. जोडीला बोर, बाभूळ, हिवर. हे उजाड झालेलं जंगल नाही. माळ असाच असतो.

डिसेंबरअखेरीस आम्ही गेलो होतो. बरोबर माझी लेक मुक्ता आणि सुप्याजवळच्या गावात राहणारे माझे मामा. सोलापूर रस्त्यानं चौफुल्यापर्यंत जायचं आणि उजवीकडं वळायचं. पहाटेच निघावं, कारण ऊन चढलं की चिंकारे, म्हणजे इथली छोटी हरणं, झुडपाच्या सावलीला बसून राहतात आणि मग खरंच काही दिसत नाही.

मुक्ता दुर्बीण लावून क्षितिज शोधत होती. मामा हळूच म्हणाले, "लांब नको बघू बाळा. त्या बोराटीच्या बुडाला बघ, शेपटी हलतीय." आधी ती काळी शेपटीच दिसली, सारखी इकडून तिकडं. मग तांबूस पाठ, पांढरं पोट आणि सरळ, बारीक शिंगं. "शिंगं आहेत म्हणजे नर ना, आजोबा?" "मादीलाबी असत्यात. बारकी, सुईवाणी. ही मादीच हाय. खाली बस, उभ्या माणसाला बिचकत्यात." आम्ही बसलो. तिनं पुढचा पाय जमिनीवर आपटला, नाकातून फुस्स केलं, दहा-बारा उड्या मारल्या आणि थांबून वळून पाहिलं. चिंकारा असाच पळतो: थोडा पळतो, थांबतो, मागं बघतो. आडोशात लपण्यापेक्षा लांबवरचं नजरेला पडण्यावर त्याचा भरवसा. पाणवठा आटला तरी पाला आणि दव यांवर तो बरेच दिवस काढतो.

परत चालायला लागलो तेव्हा मुक्ताच्या मोज्यांत कुसळं रुतून बसली होती. ती वैतागून उपटायला लागली. मामांनी त्यातलं एक घेऊन तळहातावर ठेवलं आणि बाटलीतलं थोडं पाणी त्यावर सोडलं. कुसळाची पिळलेली शेपटी ओली झाली आणि हलायला लागली, हळूहळू गोल फिरत उलगडली. कुसळी गवताचं बी स्वतःला असंच पेरतं. दवानं ओलं होतं, उन्हानं वाळतं, पीळ सुटतो, पुन्हा बसतो आणि टोक मातीत शिरत जातं. टोकाला मागं वळलेले बारीक केस असतात, त्यामुळं शिरलेलं बी सहसा बाहेर येत नाही. मुक्तानं मग बाकीची कुसळं उपटली नाहीत, रुमालात गुंडाळून ठेवली. मला विचाराल तर त्या सकाळची सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती.

पक्ष्यांचं थोडक्यात सांगतो. चंडोल भरपूर. धाविकची एक जोडी आखूड गवतात पळत, थबकत चालली होती. आणि भोवत्या! हे शिकारी पक्षी हिवाळ्यात मध्य आशियातून येतात, दिवसभर गवताला अगदी लागून तरंगतात आणि रात्री झाडावर न जाता गवतातच, जमिनीवर मुक्काम करतात. म्हणजे गवत गेलं की त्यांची रात्रीची जागाच गेली.

इतिहासाकडं वळलं तरी मला गवतच दिसतं. पुणे आणि सुपे ही शहाजीराजांची जहागीर. सुप्याचा कारभार शिवाजी महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडं होता. महाराजांनी १६५६ च्या सुमारास सुपं त्यांच्याकडून ताब्यात घेतलं. शिमग्याचं पोस्त, म्हणजे सणाची बक्षिसी, मागायचं निमित्त काढून ते मामांकडं गेले, असं बखर सांगते. त्याच बखरीत पागेचे ३०० घोडे हाती आल्याचा उल्लेख आहे. शाळेत असताना मी त्यातली युक्ती लक्षात ठेवली होती. आता प्रश्न पडतो, ३०० घोडे काय खात होते? आजूबाजूला हाच माळ होता. भीमेच्या काठची भीमथडी तट्टं, मराठा घोडदळाचा ज्यांच्यावर मोठा भार होता, ती याच पट्ट्यातली. पुण्यातल्या भीमथडी जत्रेत आपण पिठलं-भाकरी खाऊन येतो, पण त्या नावामागं तट्टं आहेत आणि तट्टांमागं गवत आहे, हे मनात येत नाही. किल्ल्यांवर आपण इतकं प्रेम करतो. स्वराज्य ज्या चाऱ्यावर धावलं, त्या जमिनीला मात्र पडीक म्हणतो.

म्हणूनच पावसाळा आला की मला धास्ती वाटते. कंपन्या, मंडळं, सोसायट्या गाड्या भरून येतात आणि मोकळा माळ दिसला की खड्डे खणून रोपं लावतात. मनात वाईट काहीच नसतं, हे मला माहीत आहे. पण चिंकाऱ्याला उघडी नजर लागते, धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. माळावर दाट झाडी उभी केली तर हे जीव जाणार कुठं? कृपा करून रोपं रस्त्याकडेला लावा, गावात लावा, ओढ्याच्या काठी लावा. गवताला सोडा.

अभयारण्य पाहून आम्ही मोरगावला गेलो. अभयारण्याचं नाव तिथल्याच मयूरेश्वराचं. देवळाच्या कोपऱ्यांवर मिनारांसारखे मनोरे आहेत आणि गणपतीसमोर चक्क नंदी बसलेला आहे. मुक्तानं तो खूप वेळ न्याहाळला. मग नदीकाठी दशम्या खाल्ल्या. कऱ्हेला पाणी थोडंच होतं.

लांडगा दिसला नाही, ही तिची तक्रार राहिली. वन विभागानं शिर्सुफळ आणि इंदापुराकडच्या कडबनवाडीत माळरान सफारी सुरू केली आहे, स्थानिक मुलंच माळ दाखवतात. मामा म्हणाले, "शिर्सुफळाला मी येतो बरोबर, फक्त आदल्या रात्री मुक्कामाला या. पुण्यावरनं निघून लांडगा घावत नसतो." आता मुक्ताच्या परीक्षा संपायची वाट आहे.