सिडनीचा पहिला दिवस: विमानतळावरच्या ट्रेनचा भुर्दंड आणि मॅनलीची फेरी

सिडनी विमानतळावरून शहरात कसं जायचं, असं विचारलं की सगळे एकच सांगतात: टर्मिनलच्या खालीच स्टेशन आहे, पाव तासात सेंट्रल, म्हणजे शहरातलं मुख्य स्टेशन. हे खरंच आहे, पण त्या स्टेशनावर चढण्या-उतरण्याचेच माणशी १७ ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त वेगळे कापतात, ते कोणी सांगत नाही. ट्रेनचं भाडं साधारण चार-पाच डॉलर, आणि त्याच्या चौपट हा आकार! ही लाइन २००० साली, ऑलिंपिकच्या आधी, खासगी कंपनीबरोबरच्या करारातून सुरू झाली, त्यातून ही वसुली आली. याच लाइनवरच्या मॅस्कॉट आणि ग्रीन स्क्वेअर स्टेशनांचा आकार २०११ मध्ये बंद झाला. विमानतळाच्या दोन्ही स्टेशनांवर तो अजून चालू आहे. दिवसभराच्या भाड्याला जी कमाल मर्यादा असते, तिच्यातही तो धरत नाहीत. सरळ लूट आहे.

एकटे असाल आणि बॅग एकच असेल तर टर्मिनलबाहेरून ४२० नंबरची बस घेऊन मॅस्कॉट स्टेशनला उतरा आणि तिथून तीच ट्रेन पकडा. बसमधून उतरल्यावर ६० मिनिटांत ट्रेन घेतली तर भाड्यात २ डॉलर सूटही मिळते. मात्र ही रोजच्या प्रवाशांची साधी बस आहे. तिच्यात सामानाची सोय नाही आणि सकाळी ती भरलेली असते. दोन मोठ्या बॅगा घेऊन हा उद्योग करू नका. चार मोठी माणसं असाल तर ट्रेनला ८० डॉलरच्या वर जातात, टॅक्सी त्याहून स्वस्त पडते. रांगेतलीच टॅक्सी घ्या, आत येऊन विचारणाऱ्याची नको.

तिकिटाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. बँकेचं टॅप होणारं कार्ड ट्रेन, बस, फेरी (प्रवासी बोट) सगळीकडे चालतं. माणशी एक कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. जे टॅप करून आत गेलात तेच टॅप करून बाहेर पडा. तेच कार्ड फोनमध्ये असलं तरी यंत्र त्याला वेगळं कार्ड समजतं, आणि मग दोन्हीकडून जास्तीचं भाडं कापलं जातं. ४ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी चाइल्ड ओपल कार्ड (इथल्या प्रवासाचं मुलांचं कार्ड) घ्या, नाहीतर बँकेच्या कार्डावर मोठ्यांचंच भाडं पडेल.

हे सगळं विमानतळाबाहेर पडल्यावरचं. सिडनीत रात्री ११ ते सकाळी ६ विमानांना बंदी असते, म्हणून रात्रभर उडत आलेली विमानं सहानंतर एकामागोमाग एक उतरतात आणि तपासणीच्या रांगा लांबतात. बाहेर पडायला दीड तास धरा. पेन जवळ ठेवा. खाण्याचा एकूण एक पदार्थ फॉर्मवर लिहा. पेढे, बर्फी, ताजा कढीपत्ता, फळं आत जात नाहीत. लिहिलं असेल तर फार तर काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर जबर दंड बसतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो.

सिडनी भारताच्या साडेचार तास पुढे आहे, ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत साडेपाच. सकाळी सातला बाहेर पडता तेव्हा शरीराच्या घड्याळात रात्रीचे दीड-अडीच वाजलेले असतात, आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही. बॅगा हॉटेलात टाका आणि बाहेर पडा.

पहिल्याच दिवशी बाँडी ते कूजी ही दोन समुद्रकिनाऱ्यांमधली पायी वाट धरू नका. अंतर ६ किलोमीटरच आहे, पण पायऱ्यांची चढउतार सतत असते आणि सावली जवळपास नाही. रात्रभर जागून आलेल्या पायांना ती जड जाते. शिवाय बाँडीच्या किनाऱ्यापर्यंत ट्रेन जात नाही. बाँडी जंक्शनला उतरून ३३३ नंबरची बस घ्यावी लागते.

त्यापेक्षा सर्क्युलर की हा शहरातला फेरीचा धक्का गाठा आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या मॅनलीची सरकारी फेरी घ्या. अर्धा तास लागतो. खासगी जलद फेरीच्या नादी लागू नका. जाताना बाहेर, उजव्या बाजूला बसा, म्हणजे ऑपेरा हाउस अगदी जवळून दिसतं. बंदराच्या तोंडाशी, नॉर्थ हेड आणि साउथ हेडच्या मधे, खुल्या समुद्राची लाट लागते. बोट लागणाऱ्यांनी तेवढी पाच-दहा मिनिटं क्षितिजाकडे बघत बसावं. शुक्रवार ते रविवार दिवसाची कमाल मर्यादा दहा डॉलरच्या आसपास असते, त्यात जाणं-येणं दोन्ही बसतं. गर्दी मात्र असते.

धक्क्यावरून द कोर्सो या रस्त्याने पाच-सात मिनिटांत मोठा किनारा येतो. पोहायचं ते फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. इथे नवखा माणूस हमखास फसतो. दोन्हीकडे लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा शांत, थोडा गडद दिसतो. तिथेच उतरावंसं वाटतं. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जातं, म्हणून लाट फुटत नाही. बाँडीच्या दक्षिण टोकाला असा आत ओढणारा प्रवाह कायमच असतो. ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून दमू नका. तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा. पोहण्याची खात्री नसेल तर उजवीकडे पंधरा मिनिटं चालत शेली बीचवर जा, तिथलं पाणी बहुतेक वेळा शांत असतं.

ढग असले तरी ५० प्लसचं सनस्क्रीन लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. नळाचं पाणी बिनधास्त प्या. रविवारी बऱ्याच कॅफेत बिलावर दहा टक्के जास्त लावतात, मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. टिप द्यायची गरज नाही. चारच्या सुमारास परतीची फेरी धरा. त्यानंतर डोळे मिटायला लागतात, आणि हॉटेलात पोचून आंघोळ-जेवण करून आठपर्यंत जागं राहिलात तरच रात्रभर झोप लागते.