बाबांच्या लॅपटॉपचं वाय-फाय

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. बाबांचा लॅपटॉप २०१४ चा, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नव्हतं. धडधाकट मशीन भंगारात द्यायला जीव होईना, म्हणून मी त्यावर डेबियन १३ ही मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. आवाज, टचपॅड, कॅमेरा सगळं पहिल्याच फटक्यात चाललं. वाय-फायचा मात्र पत्ताच नाही.

फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं छोटं सॉफ्टवेअर, राहिलं असेल, असं आधी वाटलं. पण डेबियन बनवणाऱ्यांच्या २०२२ च्या मतदानानंतर, म्हणजे डेबियन १२ पासून, ते इन्स्टॉलरमध्येच येतं. मग लॅपटॉपच्या मॉडेलवरून शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. तसं शोधू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळी वाय-फाय कार्डं निघतात. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा दिली आणि कार्डाचा खरा नंबर दिसला: १४ई४:४३६५. त्यावरून लगेच उलगडा झाला. या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, कर्नेलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नाहीच. चिपच्या कंपनीने ड्रायव्हरचा मुख्य भाग फक्त मशीनला कळणाऱ्या बायनरी स्वरूपात दिलाय, वाचता येणारा सोर्स कोड दिलेला नाही. हे मला आजही खटकतं.

फोन केबलने जोडून यूएसबी टिथरिंगवर नेट घेतलं. डेबियन जिथून सॉफ्टवेअर घेतं त्या रेपॉझिटरीच्या यादीत ‘नॉन-फ्री’ (मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरचा विभाग) जोडलं, कर्नेलचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइल्स) आणि ड्रायव्हरचं डीकेएमएस पॅकेज उतरवलं. डीकेएमएस आपल्या कर्नेलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला जोडायचा तुकडा, बनवतं. मॉड्यूल बिनतक्रार तयार झालं, पण लोड करताना उत्तर आलं: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणारं सिक्युअर बूट चालू होतं आणि मॉड्यूलवरची सही मशीनच्या ओळखीची नव्हती.

सिक्युअर बूट बंद करून सुटता आलं असतं. पण बाबा त्यावरच बँकेचे व्यवहार करतात, म्हणून चालूच ठेवलं. ‘मोकयूटिल’ या साधनाने डीकेएमएसची की (सही ओळखण्याची किल्ली) नोंदवायला दिली, पासवर्ड ठरवला, रीस्टार्ट केलं. निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांत एखादं बटण दाबावं लागतं. मी तेवढ्यात चहा घ्यायला उठले आणि संधी हुकली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी समोरून हलले नाही. ‘एनरोल मोक’ निवडलं, पासवर्ड दिला. लॅपटॉप सुरू झाला आणि कोपऱ्यात घरच्या वाय-फायचं नाव दिसलं. इतका आनंद झाला की बाबांना झोपेतून उठवलं.

एक काम उरलं होतं. नवं कर्नेल आलं की मॉड्यूल पुन्हा बनावं लागतं, आणि त्याचे हेडर्स नसतील तर वाय-फाय पुन्हा गायब. म्हणून ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे पॅकेज टाकून ठेवलं; त्यामुळे दर नव्या कर्नेलबरोबर हेडर्सही येतात. त्यानंतर एकदा कर्नेल बदललं, वाय-फाय चालूच राहिलं.