तुम्ही विचारलंत म्हणून : मोबाईल असताना टॅब कशाला?

मंडईत, लग्नात, बँकेच्या रांगेत, गेले पाच महिने एकच प्रश्न. "बाई, मोबाईल हाय की तुमच्याकडं. मग ह्ये आनि कशाला?" ह्ये म्हणजे माझ्या पिशवीतला टॅब. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या शेजारणीनं तर पहिल्याच दिवशी विचारलं, "नवी पाटी घेतलीसा व्हय?" दर वेळी काहीतरी अर्धवट बोलून वेळ मारून नेते. आज सगळं सांगते.

मी हायस्कूलला मराठी शिकवायची. निवृत्तीला दोन वर्षं असताना मोडीचा, म्हणजे जुन्या मराठी कागदांच्या लिपीचा, वर्ग केला आणि त्याचाच नाद लागला. आता लोक घरातले जुने कागद घेऊन येतात. वाटणीपत्रं, गहाणखतं, कुणाच्या पणज्याचा कर्जरोखा. २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत पंचगंगा घरात शिरली, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या आणि आपल्याकडं असलं काही आहे हे कित्येकांना पहिल्यांदा कळलं. असे कागद घडीवर तुटतात, बोट लावलं की भुगा होतो. म्हणून मी ते ठेवून घेत नाही. सज्जात, सकाळच्या उजेडात, खाली पाट ठेवून फोटो काढते आणि कागद त्याच पावली परत देते.

हे फोटो चार वर्षं मी मोबाईलवर वाचले. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं, हात शक्यतो उचलायचा नाही. वेलांटी सगळीकडं दीर्घ, उकार सगळीकडं ऱ्हस्व. म्हणजे शब्द कुठं संपला हे ओळीच्या अर्थावरून ठरवायचं. मोबाईलवर अक्षर दिसेल एवढं मोठं केलं की ओळ पळते, ओळ धरली की अक्षराची मुंगी होते. कुलपाच्या भोकातून लग्न बघितल्यासारखं.

टॅब अकरा इंची आहे. हे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात हे मला दुकानात कळलं, मी रुंदी समजले होते. तरी पुष्कळ झालं. पहिल्या संध्याकाळी एक जुना फोटो उघडला आणि अख्खा कागद एका नजरेत समोर आला. समास, डाग, शेवटी जागा पुरेना म्हणून दाटीनं कोंबलेल्या दोन ओळी. लिहिणारा माणूसच दिसला म्हणा ना. वर निवांत सुरुवात केलेला, खाली घाईला आलेला.

एक प्रसंग सांगते. चिखलीचे एक आजोबा आले, माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठे. त्यांच्याकडं एक वाटणीपत्र होतं, फसली १३०२ चं. फसली म्हणजे जुना महसुली सन. त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १८९२-९३. दोघा भावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, बैल, आंब्याची झाडं, सगळी वाटणी व्यवस्थित. मध्येच धाकट्याकडून थोरल्याला यायचं असं काही लिहिलेलं, आणि तिथं शब्द अडला. 'भाडे' की 'भांडे'? डोक्यावर टिंब होतं खरं, पण जरा बाजूला सरकलेलं. आजोबा म्हणाले, "भांडंच असंल. तांब्याचा हंडा हुता आमच्यात, चुलत्यांनी दिला न्हाई, असं आजी म्हनायची."

दोन बोटांनी टिंब वाढवत गेले. सुपारीएवढं झालं, मग लिंबाएवढं. शाईचं टिंब कडेला पसरतं, कागदाच्या धाग्यांत ओढलं जातं. ह्याची कड मात्र कुरतडलेली, आणि आत शाईचा काळा नव्हे तर तपकिरी रंग, त्यात उभ्या बारीक रेघा. तो माझा पाट होता. कसरीनं पाडलेल्या भोकातून सागवान दिसत होतं.

पण तेवढ्यानं भागत नाही. मोडी लिहिणारे अनुस्वार सर्रास गाळतात, त्यामुळं टिंब नाही म्हणून भांडंही नाही, असं म्हणता येत नाही. मग पडदा दुभागला. डावीकडं हा शब्द, उजवीकडं तोच कागद वरपासून. 'आंबे' तीनदा आलं होतं, तिन्ही वेळा टिंब. 'पांच' ला टिंब. 'तांबडा बैल' ला टिंब. हा माणूस टिंब विसरणारा नव्हताच. म्हणजे भाडे. हे मोबाईलवर मला कधीच सापडलं नसतं, कारण तिथं मी एका शब्दाशीच झोंबत बसले असते.

दुसरं सुख टॅबच्या पेनचं. त्याला सेल नाही, चार्जिंग नाही. काचेखाली तारांची जाळी असते, तिच्यातूनच त्याला शक्ती मिळते. दाबलं की रेघ जाड, हलकं धरलं की बारीक. फोटोवर एक पारदर्शक थर घ्यायचा, लाल रंग घ्यायचा आणि जुनं अक्षर गिरवायचं. नुसतं बघून जे जोडाक्षर दिवसभर सुटत नाही ते गिरवताना कधीकधी हाताला आधी कळतं. बोरू इथून वळला असणार, इथं उचलला असणार. चुकलं तर दोन बोटांची टिचकी, झालं रद्द. थर काढून टाकला की कागद होता तसा कोरा, म्हणजे जुना. शाळेत बत्तीस वर्षं मी पोरांना लिहायला लावलं, आता स्वतः पाटीवर 'ग' गिरवल्यासारखी गिरवते. शेजारीण काही चुकीचं बोलली नव्हती.

हातानं लिहिलेलं देवनागरी टॅब छापील करून देतो हेही छान, पण त्याचं मराठी आजचं आहे. गावाच्या नावाआधी 'मौजे' लिहिलं की तो हटकून 'मोजे' करतो. मोजे वडणगे, मोजे चिखली. अख्ख्या करवीर तालुक्याला मी थंडीत गुंडाळलं आहे. मोडीची अक्षरं २०१४ पासून युनिकोडमध्ये आहेत, फॉन्ट घातला की पडद्यावर उमटतात. पण फॉन्टातली मोडी फार आज्ञाधारक वाटते, लिहिणाऱ्याची घाई तिच्यात येत नाही.

बाकी मग लेकीशी व्हिडिओ कॉल, शब्दकोडं, कुकर होईपर्यंत बातम्या. ते सगळं मोबाईलवरही होतं, त्यासाठी कुणी पैसे घालू नयेत. दुकानदारानं गळ्यात मारलेला कीबोर्ड कपाटात पडून आहे. कादंबरी मी ह्यावर वाचत नाही, डोळे शिणतात. आडवं पडून वापरायचाच असेल तर सांभाळून. अर्धा किलो वजन झोपेत नाकावर आदळलं की काय होतं ते मला विचारा.

चिखलीच्या आजोबांना मी पडदा वळवून ते भोक दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, परत लावला, बराच वेळ बघितलं. हंडा गेला म्हणून थोडे नाराज झाले. मग कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालता घालता म्हणाले, "म्हंजे भाडं थकलंय म्हना की त्यांच्याकडं. व्याज धरून किती हुतंय, त्येवढं ह्यात बघा की, बाई."