चार जुन्या लेन्स आणि मेणवलीची घंटा

चार जुन्या लेन्स आजच्या कॅमेऱ्यावर तपासायला वाईजवळच्या मेणवलीला गेलो होतो. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला महामार्ग सोडला की वीसेक मिनिटांत वाई येते. पुण्यापासूनचं सगळं अंतर साधारण ९० किलोमीटर. एसटीने यायचं तर स्वारगेटहून वाईची गाडी धरायची आणि पुढचे ३ किलोमीटर रिक्षाने मेणवलीला जायचं. जानेवारीत सातच्या सुमारास नदीच्या घाटावर पोचलं तर पायऱ्यांवर सहसा कुणी नसतं. दहानंतर सहली येऊ लागतात, तेव्हा ट्रायपॉडची कामं त्याआधी उरकावीत.

लेन्स तपासायला मेणवली निवडायचं कारण सोपं आहे. नाना फडणवीसांचा वाडा, खालचा घाट आणि घाटावरची वसईहून आलेली घंटा हे सगळं दोन-तीनशे पावलांत येतं. अंधारी जागा, चमकणारं पाणी, पानांतून गळणारं ऊन, सपाट भिंत आणि दूर पांडवगडाचा माथा, एवढं इथे एकाच सकाळी मिळतं. वेगळा टेस्ट चार्ट छापायची गरज पडत नाही.

पिशवीत सोनी ए७ थ्री हा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि चार लेन्स होत्या: हेलिओस ४४-२ (५८ मिमी एफ/२), सुपर ताकुमार ५० मिमी एफ/१.४, कॅनन एफडी ५० मिमी एफ/१.४ एसएससी आणि मिनोल्टाची एमसी रोकोर-पीजी ५० मिमी एफ/१.४. एफचा आकडा जितका लहान, तितकं अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारं छिद्र, मोठं. हेलिओस आणि ताकुमार दोन्ही एम४२ आट्याच्या (स्क्रूसारख्या फिरवून बसणाऱ्या), त्यामुळे चौघींना मिळून तीनच अ‍ॅडॉप्टर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणारे जोड) लागले. या चौघींची एकत्र किंमतही सोनीच्या नव्या ५० मिमी एफ/१.४ जीएमच्या जवळपास पोचत नाही. इतक्या स्वस्त का? कॅननने १९८७ साली ईएफ माउंट (लेन्स जोडायची नवी रचना) आणला आणि जुना एफडी वाऱ्यावर सोडला. मिनोल्टाने १९८५ मध्येच ऑटोफोकससाठी नवा माउंट काढला. एफडी लेन्सला सेन्सरपासून ४२ मिमी अंतर हवं आणि ईएफ कॅमेऱ्यात ते ४४ मिमी असतं, म्हणजे मधे भिंगाचा अ‍ॅडॉप्टर घातल्याशिवाय अनंतावर, म्हणजे अगदी दूरवर, फोकस होणारच नाही. मिररलेसमध्ये सोनी ई माउंटचं अंतर अवघं १८ मिमी आहे. उरलेली जागा भरायला नुसती धातूची पोकळ नळी पुरते, आत काच लागत नाही.

पहिली लेन्स लावण्याआधी कॅमेऱ्यात चार गोष्टी बदलाव्या लागतात. मेनूतलं ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करावं, नाहीतर शटर उडतच नाही. स्टेडीशॉट (हाताचा कंप सावरणारी सोय) ‘मॅन्युअल’वर ठेवून फोकल लेंग्थ हाताने भरावी, ५८ दिसत नसेल तर जवळचा आकडा चालतो. ट्रायपॉडवर मात्र स्टेडीशॉट बंद. व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनला बांधून टाकावा, कारण ऑटोवर कॅमेरा प्रत्येक लेन्सचा रंग परस्पर दुरुस्त करतो आणि तुलनेत काही उरत नाही. चौथी गोष्ट बहुतेकांकडून राहते. उघड्या अपर्चरवर, १/१००० च्या पुढच्या वेगाने काढताना इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरचा पुढचा पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवणारी सोय) बंद करावा. तो चालू राहिला तर मागच्या अंधुक चकत्या एका बाजूने कापल्यासारख्या येतात आणि लोक लेन्सला दोष देतात.

शिवाय भर उन्हाचं गणित आहेच. आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० धरलं, तर एफ/१.४ पर्यंत सात स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) होतात, म्हणजे १/१२८०० चा वेग लागेल. कॅमेरा १/८००० वर थांबतो. म्हणून उजेड तीन स्टॉपने कमी करणारा एनडी८ फिल्टर, ५५ मिमीचा. रोकोर आणि कॅनन दोन्हींना तो थेट बसतो. हेलिओस आणि ताकुमारला ४९ ते ५५ ची रिंग लावावी.

आणखी एक. जुन्या लेन्सचं अपर्चर फाइलमध्ये नोंदलं जात नाही, कुठली लेन्स होती तेही नाही. घरी येऊन दोनशे फाइली समोर ठेवून डोकं खाजवण्यापेक्षा लेन्स बदलली की पहिली फ्रेम बोटांची काढावी. एक बोट हेलिओस, दोन ताकुमार, तीन कॅनन, चार रोकोर. मग एफ/१.४, २, २.८, ४, ५.६, ८ असा क्रम ठरलेला. हेलिओसचा एफ/२ पासून.

सुरुवात घंटेपासून केली, कारण तिथे ऊन चढलं की झरोक्यातला उजेड बदलतो. घाटावरच्या छोट्या दगडी बांधणीत ती टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चच्या घंटा इकडच्या देवळांत आल्या, त्यातली ही एक. अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हा आकडा. साधारण एक मीटरवरून ५० मिमीला एफ/१.४ वर फोकसमधली खोली जेमतेम ३ सेंटिमीटर भरते. फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर) इथे मुळीच विसंबू नये. ते दोन्ही बाजूंना रंग भरून ‘सगळं फोकसमध्ये’ म्हणून सांगतं. दृश्य ११.७ पट मोठं करून मेरीच्या चेहऱ्याच्या कडेवर फोकस घ्यावा.

इथे चौघींचे स्वभाव उघडे पडतात. कॅनन एफ/१.४ वर कडेभोवती हलकी धूसर झाक सोडते, पण झाकेखाली बारकावे शाबूत असतात. रोकोरची झाक जास्त पसरते आणि घंटेचा धातू मऊ, मेणासारखा दिसतो. माणसांच्या चेहऱ्याला हे छान. कोरीव आकड्याला नाही. एफ/२ ला दोन्हींची झाक जवळपास जाते, एफ/२.८ ला मधला भाग कोरा करकरीत. हेलिओस एफ/२ वरच मध्यभागी बऱ्यापैकी टोकदार आहे, पण काठाकडे घसरते आणि एफ/८ पर्यंत पूर्ण सावरत नाही. झरोक्याच्या लखलखीत कडेला मात्र सगळ्यांनी रंग दाखवले: फोकसच्या पुढे जांभळट, मागे हिरवट. कोपऱ्यातली रंगीत किनार सॉफ्टवेअर एका टिचकीत काढतं. ही खोलीतली किनार मात्र चिवट असते. एफ/४ पर्यंत अपर्चर मिटलं की आपोआप विरते.

ताकुमारबद्दल सविस्तर लिहायला हवं. सात भिंगांच्या या आवृत्तीत थोरियम हा किरणोत्सारी धातू मिसळलेली काच आहे. थोरियमने काचेचा अपवर्तनांक वाढतो आणि रंग फारसे फाकत नाहीत, म्हणून त्या काळी ती वापरली. काही दशकांत अशी काच चहाच्या रंगाची होते. ५२०० केल्विनला बांधलेल्या कॅमेऱ्यात घंटा सरळ मधाळ पिवळी आली. पोस्टप्रोसेसिंगमध्ये रंग सुधारतो, पण निळा उजेड आधीच खाल्लेला असतो आणि सावल्यांच्या निळ्या चॅनेलमध्ये नॉइज वाढतो. उपाय अतिनील किरणांचा. मागच्या बाजूला आतून चकचकीत फॉइल बसवून लेन्सचं तोंड उजेडाकडे ठेवायचं, म्हणजे किरण परतूनही काचेतूनच जातात. उन्हात काही दिवस, अतिनील एलईडी दिव्याखाली साधारण तेवढेच किंवा जरा जास्त. उन्हात ठेवताना फॉइल विसरलात तर लेन्स चांगलं आगकाडीचं काम करते, खालचा टेबलक्लॉथ जळतो. उन्हाने जास्त तापली तर हेलिकॉइडचं (फोकस फिरवणाऱ्या आट्यांचं) ग्रीस पातळ होऊन अपर्चरच्या पात्यांवर उतरतं. किरणोत्साराचं म्हणाल, तर लेन्स वापरायला हरकत नाही. ती काच घासायची, पॉलिश करायची किंवा फोडायची मात्र नाही.

ऊन वर आलं तसा घाटाच्या कडेच्या झाडांकडे गेलो. हेलिओसचा तो प्रसिद्ध भोवरा सगळ्यांना हवा असतो आणि बहुतेकांना मिळत नाही. कारण अंतर. समोरची वस्तू दीड-दोन मीटरवर, मागची पानं पाचपासून दहा मीटरवर, आणि पानांतून उजेडाचे ठिपके हवेत. काठाकडचे ठिपके लेन्सच्या नळीने कापले जाऊन मांजराच्या डोळ्यासारखे होतात आणि मध्याभोवती वळतात. मागे कोरी भिंत किंवा आकाश असेल तर भोवरा दिसायचा कसा? लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर तर काठच छाटला जातो. ५८ मिमीची लेन्स ८७ सारखी होते आणि भोवऱ्याचा मधला शांत भाग तेवढा हाती राहतो. ही रचना मुळात कार्ल झाइस येनाच्या ५८ मिमी बायोटारची. रशियात क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात आणि इतरत्र हेलिओस नावाने ती वर्षानुवर्षं निघत राहिली.

हेलिओसच्या दोन रिंगा नव्या माणसाला गोंधळात टाकतात. एक रिंग खटखट आवाज करत मर्यादा ठरवते, उदाहरणार्थ एफ/४. दुसरी आवाज न करता पूर्ण उघड्यापासून त्या मर्यादेपर्यंत फिरते. उघडी ठेवून फोकस घ्यायचा, मग न बघता अडेपर्यंत फिरवायची. पण उघड्यावर फोकस घेऊन मिटलं की एफ/१.४ च्या लेन्समध्ये फोकसची जागा किंचित सरकते. ज्या अपर्चरवर फोटो काढायचा, त्यावरच फोकस घेणं बरं. थंडीत हेलिओसचं जुनं ग्रीस घट्ट होतं. त्या सकाळी रिंग अशी फिरत होती की जणू डिंकात रुतली आहे. उजेडात तासभर वागवल्यावर ती सैल झाली.

पाण्यावरची चमक अंधुक करून घेतली की पाती मोजता येतात. रोकोर एफ/२.८ ला स्वच्छ षटकोन काढते. ते आवडणारेही आहेत, मला नाही. कॅनन आठ पात्यांची, कोन मवाळ. हेलिओसचीही आठ पाती, आणि मिटवली तरी चकत्या जवळपास गोलच.

घाटाच्या पायऱ्या काठाची तीक्ष्णता मोजायला वापरू नयेत. त्या सरळ रेषेत नाहीत, चंद्रकोरीसारख्या वळतात. लेन्सचं फोकसचं प्रतलही थोडं वाकडंच असतं. दोन वाकडेपणांची गाठ पडली की एखादी लेन्स उगाचच भारी ठरते आणि दुसरी फुकट बदनाम होते. त्यासाठी वाड्याची बाहेरची भिंत बरी. कॅमेरा भिंतीला समांतर, मध्यावर फोकस घेऊन एक फ्रेम, मग कोपऱ्यावर फोकस घेऊन दुसरी. दुसरीत कोपरा सुधारला तर दोष वक्रतेचा. चारपैकी एकच कोपरा वाईट निघाला तर अ‍ॅडॉप्टर वाकडा आहे किंवा आतलं भिंग सरकलंय. लेन्स तशीच ठेवून अ‍ॅडॉप्टर बदलून पाहिला की उलगडा होतो.

अनंताची परीक्षा पांडवगडावर. स्वस्त अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात, त्यामुळे रिंग शेवटपर्यंत नेली तर फोकस अनंताच्याही पुढे जातो आणि गडाचा माथा धुरकट येतो. दृश्य मोठं करूनच थांबायचं. एम४२ लेन्स घट्ट केल्यावर आकडे कुशीवर येत असतील तर अ‍ॅडॉप्टरच्या कडेचे तीन बारीक स्क्रू घड्याळजीच्या स्क्रू-ड्रायव्हरने सैल करून आतली रिंग फिरवता येते.

विकत घेणाऱ्याने एवढं तरी पाहावं. मोबाइलचा टॉर्च मागून मारून समोरून तिरकं बघायचं: कोळ्याच्या जाळ्यासारखी रेषा म्हणजे फंगस, सगळीकडे दुधट पडदा म्हणजे हेझ, काठाशी इंद्रधनुषी डाग म्हणजे चिकटवलेली भिंगं सुटू लागली. धुळीचे चार कण चित्रात दिसत नाहीत, त्यावरून भाव पाडून घ्यावा. पात्यांवर तेल असेल तर हेलिओसला फारसा फरक पडत नाही, तिथे स्प्रिंगच नाही. ताकुमार, रोकोर आणि कॅननमध्ये मात्र पाती चिकटून उशिरा मिटतात. रोकोर हातात घेऊन रिंग फिरवली की पाती हलतात. एफडी हातात घेतल्यावर हलत नाहीत, म्हणून ती बिघडली असं नाही. दुकानात जाताना अ‍ॅडॉप्टर सोबत न्यावा आणि त्याची रिंग ‘लॉक’वर करून बघावं. ‘ओपन’वर राहिली तर आकडा काहीही असो, लेन्स सताड उघडीच. ताकुमारची कळ ‘मॅन्युअल’वर हवी, तीच गत.

घेतल्यावरची काळजी म्हणजे पावसाळा. चामड्याच्या जुन्या खोळीत लेन्स ठेवू नये, ती खोळ बुरशीचं माहेर असते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दोनेकशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं.

परतताना वाईत ढोल्या गणपतीच्या मागच्या बाजूला थांबलो. १७६२ सालचं देऊळ, सरदार रास्त्यांचं. मागची भिंत माशाच्या आकाराची, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. ऊन तिरकं होतं, एफ/८ वर चारही लेन्सने ती भिंत काढली. संध्याकाळी स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून पाहिलं, तर ताकुमारचा पिवळा रंग सोडल्यास कुठली फ्रेम कुणाची ते बोटांच्या फोटोंशिवाय ओळखता आलं नाही.