लोकांनी स्वतःच टाकलेली माहिती वापरायला परवानगी कशाला?

सोशल इन्फर्मॅटिक्स (समाज आणि माहिती-तंत्रज्ञान यांच्या नात्याचा अभ्यास) आणि डेटा एथिक्स (लोकांची माहिती वापरण्यातली नैतिकता) शिकवते म्हटलं, की समोरून बहुतेक वेळा हाच प्रश्न येतो. लोक स्वतःच सगळं ऑनलाइन टाकतात, कुणीही वाचू शकतं, मग संशोधकाने वाचलं तर बिघडलं कुठे? नवे विद्यार्थीही पहिल्याच आठवड्यात हे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे.

त्यावर वर्गात सांगते तेच इथे सांगते. २००८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या एकाच वर्षी प्रवेश घेतलेल्या अख्ख्या तुकडीची, म्हणजे १,६४० विद्यार्थ्यांची फेसबुकवरची माहिती इतर अभ्यासकांसाठी खुली केली. मुलांची नावं काढली होती, कॉलेजचं नावही दिलं नव्हतं. पण सोबतच्या कोडबुकात, म्हणजे साठ्यातल्या नोंदींचा अर्थ सांगणाऱ्या पुस्तिकेत, शिकवल्या जाणाऱ्या विषयांची यादी होती आणि त्यातल्या काही विषयांची नावं फारच वेगळी होती. त्या तुकडीत किती विद्यार्थी होते तो आकडाही होता. मायकेल झिमर या अभ्यासकाने मूळ नोंदींना हात न लावता, एवढ्यावरूनच कॉलेज ओळखलं. ते हार्वर्डच होतं.

गोष्ट इथे आली की विद्यार्थी म्हणतात, म्हणजे नावं नीट पुसली नाहीत. मला मात्र त्यातला दुसरा भाग जास्त टोचतो. माहिती गोळा करणारे मदतनीस त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते. त्या काळी फेसबुकवर आपलं पान फक्त आपल्या कॉलेजच्या लोकांना दिसेल, अशी सोय होती. म्हणजे बाहेरच्याला जे दिसलं नसतं, ते या मदतनिसांना दिसू शकत होतं. एखाद्या मुलीने वर्गमित्रांपुरतं ठेवलेलं काही असेल, तर तेही त्या साठ्यात गेलं असणार. फेसबुकची संमती घेतली होती, विद्यापीठाचीही घेतली होती. त्या १,६४० जणांना कुणी विचारलं नव्हतं.

माहितीच्या खासगीपणावर काम करणाऱ्या अभ्यासक हेलन निसेनबॉम यांनी २००४ साली मांडलेला विचार मला इथे फार उपयोगी वाटतो. माहिती ज्या जागी दिली जाते, त्या जागेचे काही रिवाज तिच्यासोबत येतात. डॉक्टरांना सांगितलेलं दुखणं त्यांनी उपचारासाठी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांना कळवलं, तर त्यात गैर काही नाही; तेच नोकरी देणाऱ्याला कळलं, तर विश्वासघात झाला. माहिती तीच, पण कुणाकडून कुणाकडे आणि कशासाठी गेली, त्याने सगळं बदलतं.

माझ्या एका विद्यार्थिनीला दीर्घ आजारात एकमेकांना धीर देणाऱ्या रुग्णांच्या एका ऑनलाइन गटाचा अभ्यास करायचा होता. गट उघडा होता, वाचायला सदस्य व्हावं लागत नव्हतं. तिने प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यात लोकांची वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती, अर्थात नावं वगळून. मी तिला म्हटलं, यातलं कुठलंही एक वाक्य सर्चमध्ये टाकून बघ. पहिल्याच निकालात ते लिहिणाऱ्या बाईंचं पान उघडलं, फोटोसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही.

नंतर आम्ही पद्धत बदलली. गट चालवणाऱ्यांना लिहिलं, त्यांच्यामार्फत सदस्यांना अभ्यासाची माहिती दिली, ज्यांनी होकार दिला त्यांचंच लिखाण घेतलं आणि तेही शब्द बदलून, आशय राखून. शब्द बदलले की त्या माणसाच्या बोलण्यातलं काहीतरी हरवतं, आणि भाषेचा अभ्यास असेल तर ते नुकसान मोठं असतं. त्यावर मला अजून समाधानकारक तोड सापडलेली नाही. वेळही दुपटीहून जास्त लागला.

एका सदस्याने नकार कळवताना साधारण असं लिहिलं होतं, 'मी हे इथल्या माणसांसाठी लिहिलं होतं.' त्यांचं सगळं लिखाण आम्ही वगळलं. हे वाक्यही मी त्यांना विचारूनच, आणि माझ्या शब्दांत, वर्गात सांगते.