बोस्टनच्या पार्कातलं फुकट सनस्क्रीन

उन्हाळ्यात अमेरिकेतल्या बोस्टनला गेलेला माणूस फ्रीडम ट्रेल, म्हणजे ऐतिहासिक जागा जोडणारी पायवाट, करतोच. रस्त्यातली लाल विटांची रेघ धरून साधारण ४ किलोमीटर चालायचं, बोस्टन कॉमन या पार्कापासून थेट चार्ल्सटाउनच्या बंकर हिल स्मारकापर्यंत. आम्हीही केला, मस्त झाला, पण वाटेतल्या चर्चबद्दल आणि जुन्या इमारतींबद्दल भरपूर लोकांनी लिहून ठेवलंय, मला सांगायचंय ते कॉमनमध्ये लावलेल्या सनस्क्रीनच्या डिस्पेन्सरबद्दल.

कॉमन हे १६३४ चं, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं पब्लिक पार्क. आत फ्रॉग पाँड आहे, हिवाळ्यात तिथे बर्फावर स्केटिंग चालतं आणि उन्हाळ्यात बारकी पोरं उथळ पाण्यात तासनतास डुंबत असतात. डोक्यावर ऊन, खाली पाण्यावरून परत अंगावर येणारं ऊन, आणि पाण्यामुळे गार वाटतं म्हणून चटका बसतोय हे कळतही नाही. अशा ठिकाणी सनस्क्रीन हवंच. डिस्पेन्सरखाली हात धरला की क्रीम येतं, पैसे नाहीत, नावपत्ता नाही, कोणी विचारत नाही. एक आई पोराला पाण्यातून ओढून आणून नाक, कान, मान सगळं चोपडून परत सोडत होती, आणि तिचं बघून शेजारच्या दोघीतिघी उठल्या. मला तिथेच पटलं की ही गोष्ट चालते. सनस्क्रीन लावावं हे माहीत सगळ्यांनाच असतं हो, पण ट्यूब रूमवर राहते, संपलेली असते, किंवा महाग म्हणून इतकी थोडी लावतात की उपयोगच होत नाही (मोठ्या माणसाच्या सगळ्या उघड्या अंगाला साधारण सहा-सात चमचे लागतं, चहाचे चमचे).

बोस्टनने हे २०१५ मध्ये सुरू केलं, मेलानोमावर (त्वचेच्या कॅन्सरचा एक घातक प्रकार) काम करणाऱ्या एका संस्थेला बरोबर घेऊन. त्याच वर्षी मायामी बीचनेही एका हॉस्पिटलच्या मदतीने ५० डिस्पेन्सर लावले, आणि २०२३ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्समध्ये शाळा, पार्क, खेळाची मैदानं अशा ठिकाणी फुकट सनस्क्रीन ठेवलं गेलं.

आता फुकट वाटून कॅन्सर खरंच कमी होतो का? ऑस्ट्रेलियात नॅम्बोर नावाचं गाव आहे, तिथे १९९२ मध्ये १,६२१ लोकांना घेऊन प्रयोग सुरू झाला. निम्म्यांना सनस्क्रीन फुकट दिलं आणि रोज डोकं, मान, हात यांना लावायला सांगितलं, बाकीच्यांना त्यांच्या मर्जीवर सोडलं. साडेचार वर्षांत रोज लावणाऱ्यांमध्ये स्क्वॅमस सेल या प्रकारच्या त्वचेच्या कॅन्सरच्या गाठी जवळपास ४० टक्क्यांनी कमी निघाल्या, आणि प्रयोग संपल्यानंतरही पुढे १० वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा मेलानोमा रोज लावणाऱ्या गटात ११ जणांना तर दुसऱ्यात २२ जणांना झालेला होता. आकडे लहान आहेत, मान्य, पण ते सनस्क्रीन एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा आकडा) १६ चं होतं, आजच्या ३० आणि ५० पेक्षा कितीतरी हलकं.

एक तक्रार मात्र आहे. सनस्क्रीन दर दोन तासांनी परत लावावं लागतं, घाम आला की त्याच्याही आधी. ट्रेलवर थांबत थांबत गेलं तर दोन तास कुठेच गेले, चार्ल्सटाउनला जाणाऱ्या पुलावर सावली नाही, मग बंकर हिलच्या २९४ पायऱ्या, आणि कॉमन सोडल्यावर मला वाटेत एकही डिस्पेन्सर दिसलं नाही. खरं तर त्याच भागात जास्त गरज आहे. टुरिस्ट टोपी घालून येतात आणि संध्याकाळी निघून जातात, पण रस्त्याचं काम करणारे, झाडं छाटणारे, गाइड, हे सगळे अख्खा उन्हाळा बाहेर असतात, ऊन त्यांच्या अंगात वर्षानुवर्षं साठत जातं. माझ्या हातात असतं तर पहिलं डिस्पेन्सर मी त्यांच्या कामाच्या जागी लावलं असतं, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी, म्हणजे पाणी प्यायला आलेला माणूस मान आणि कानाच्या पाळ्या आठवणीने झाकून जाईल.

जाणार असाल तर, सहा महिन्यांच्या आतलं बाळ बरोबर असेल तर त्याला क्रीम नको, सावलीत ठेवा आणि अंगभर कपडे घाला. बाकी सगळ्यांनी निघायच्या १५-२० मिनिटं आधी लावा, ढग असले तरी.