ईएसआर उतरला होता

मे महिना, पारा 45 अंशांच्या पुढे. काटोलकडच्या सहा वर्षांच्या मुलाची बोन मॅरोची (हाडातल्या मगजाची) स्लाइड माझ्या टेबलावर आली. दिवाळीपासून ताप येऊन-जाऊन, पानथरी (प्लीहा) वाढलेली. आमच्या विदर्भात फिकं पोर आणि मोठी पानथरी दिसली की आधी सिकलसेल बघतात, ते नव्हतं. हिमोग्लोबिन 6.5, पांढऱ्या पेशी 1,800, प्लेटलेट 30,000. फॉर्मवर लिहिलं होतं, 'ल्युकेमिया?'

ब्लास्ट पेशी, म्हणजे ल्युकेमियाच्या, रक्ताच्या कॅन्सरच्या, कच्च्या पेशी दिसल्या नाहीत. हायसं वाटलं. मग जुने रिपोर्ट चाळले. ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत तासाभरात किती खाली बसतात तो आकडा; आजारात सहसा वाढतो. तो 78, आठ दिवसांनी 9. बाजूला पेनने कुणीतरी 'सुधारणा' असं लिहिलेलं. आणि पोर 103 तापात फणफणत होतं!

मी तिथेच थांबले. रक्त इतकं कमी असताना ईएसआर वाढायला हवा. तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटून भराभर खाली बसतात, त्याला फायब्रिनोजेन हे रक्तातलं प्रथिन लागतं. तेच संपलं असेल तर?

स्लाइड पुन्हा लावली, या वेळी पार शेपटीपर्यंत पाहिली. तिथे सापडल्या: पोटात तांबड्या पेशी, प्लेटलेट घेऊन बसलेल्या मॅक्रोफेज. शरीराचेच राखणदार रक्त खात होते. एचएलएच, म्हणजे बेफाम झालेल्या प्रतिकारशक्तीचा आजार. फायब्रिनोजेन 90 निघालं. फेरिटिनची (लोह साठवणाऱ्या प्रथिनाची) निदानाची रेषा 500; याचं 11,000 च्या वर. लांबलेल्या तापात फेरिटिनची तपासणी लवकर व्हावी, असं मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

मुळाशी निघाला एपस्टीन-बार विषाणू. 1964 साली सापडलेला हा विषाणू बहुतेकांच्या बी पेशींत (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींत) जन्मभर गुपचूप राहतो. क्वचित एखाद्या मुलात तो टी किंवा एनके या दुसऱ्या पांढऱ्या पेशींत शिरतो, महिनोन् महिने धुमसतो.

मॅरो काढताना मी होते, म्हणून वडील मला ओळखत होते. "कॅन्सर तं नाही ना जी, म्याडम?" मी नाही म्हणाले. संध्याकाळी डेक्सामेथासोनसोबत इटोपोसाइड सुरू झालं आणि कुणीतरी त्यांना सांगितलं, हे कॅन्सरचं औषध आहे. ते धावत परत आले. बेफाम झालेली फौज आवरायला तेच औषध लागतं, हे समजावताना माझाच घसा दाटला.

सहाव्या दिवशी ताप उतरला. फायब्रिनोजेन वर आलं, ईएसआर 40 झाला. तो वाढलेला आकडा मी आनंदाने वॉर्डात फोन करून कळवला. पण असा टी-एनके पेशींत शिरलेला विषाणू कायमचा काढायचा तर बोन मॅरो ट्रान्सप्लांटच लागतो. त्याच दुपारी त्याच्या मोठ्या बहिणीचं रक्त एचएलए जुळणीसाठी, म्हणजे तिचा मॅरो भावाला चालेल का ते पाहायला, घेतलं. सुई टोचताना ती भावाकडेच बघत होती.